पाठमोऱ्यांची भिंत

सरकत्या जिन्यावर तिच्या डोळ्यांच्या नेमके समोर, वरच्या पायरीवर उभ्या असलेल्या एका काळ्या जॅकेटच्या पाठीवर, तिचे स्वतःचे वाक्य पांढऱ्या रंगाने लिहिलेले होते: पाठ हा नकाराचा चेहरा आहे. संदर्भ दिलेला नव्हता. प्रथम तिला तेवढेच जाणवले, की लेखकाचे नाव नाही, वर्ष नाही, पृष्ठ नाही. विद्यार्थ्याच्या निबंधात असे आढळले असते तर तिने समासात लाल प्रश्नचिन्ह काढले असते. अक्षरे हाताने रंगवलेली होती, 'नकाराचा' या शब्दावर रंगाला भेगा गेल्या होत्या, म्हणजे जॅकेट बरेच वापरातले होते. हे वाक्य या मुलाच्या पाठीवर कित्येक ऋतू हिंडले होते आणि तिला त्याची वार्ता नव्हती. तिने घसा साफ करून विचारले, "हे वाक्य कुठलं हो?" मुलगा वळला. चेहरा अगदी साधा, नुकतीच दाढी केलेला, कपाळावर एक पुळी. "आमचं आहे." "आमचं म्हणजे?" "भिंतवाल्यांचं." "आणि अर्थ काय त्याचा?" त्याने तिच्या चष्म्याकडे, हातातल्या कागदांच्या पिशवीकडे पाहिले, त्या पाहण्यात उपहास नव्हता, काळजी होती. "जाऊ द्या काकू. तुम्हाला नाही कळायचं," तो म्हणाला, आणि लगेच, "पाय जपा, जिना संपला."

तिने पाय जपला. तो गर्दीत नाहीसा झाला. वरच्या मजल्यावर आपण काय घ्यायला आलो होतो हे तिला आठवेना, म्हणून ती तशीच दुसऱ्या जिन्याने खाली उतरली आणि ठरल्याप्रमाणे ताईकडे गेली. ताईचे चष्म्याचे दुकान. मागच्या खोलीत भावोजी काचा घासतात. घासणीच्या चाकावर सतत पाण्याची धार, पांढुरका चिखल, आणि दाताच्या दवाखान्यातल्यासारखा एक बारीक चिरका स्वर. "या, समाजशास्त्र!" भावोजींनी चाक न थांबवता नेहमीचा प्रश्न केला. "समाज कसा आहे?" "आहे तसाच." "मग शास्त्राचा उपयोग काय?" हा विनोद त्यांच्या लग्नाइतका जुना होता आणि ती दर वेळी हसत असे, आज हसली नाही, म्हणून भावोजींनी काच उजेडात धरून तिच्यातून मेव्हणीकडे पाहिले. ताई गल्ल्यामागून म्हणाली, "पोरगी वर आहे. रविवारपासून धड जेवलेली नाही. तूच विचार बाई तिला, तुझंच पाप आहे ते." पाप हा शब्द ताई मीठ या शब्दासारखा वापरते, कशातही घालते. तरी जिना चढताना तो तिच्या बरोबर चढला.

कारण ते विधान, ताईच्या बाकीच्या विधानांच्या मानाने, पुष्कळच तपासण्याजोगे होते. भिंतवाल्यांवरचे तिचे पुस्तक भाचीने याच घरातल्या फळीवरून काढून शाळेत असताना वाचले होते. ते वाचूनच ती पहिल्यांदा त्यांच्या दालनात गेली, ते वाचूनच तिने तिथे गायचे ठरवले. औषधशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असलेली, पावडरीचे वजन करताना श्वास रोखून धरणारी ती मुलगी दर रविवारी दुपारी एका जुन्या वाफेच्या धुलाईखान्याच्या भट्टीघरात उभी राहून अशा लोकांसमोर गात असे, की जे गाणे चालू झाले रे झाले की तिच्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करतात. टाळ्याही भिंतीकडे पाहूनच वाजवतात. आणि हा गाणाऱ्याचा सर्वांत मोठा मान आहे, हे मावशीच्या पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणात सिद्ध केलेले होते: जगभर तरुणांना देव विकले जात असताना या कामगारवस्तीतल्या मुलांनी देवच नाकारला; त्यांनी गाणे घेतले आणि गाणाऱ्याचे दर्शन नाकारले.

भाची पलंगावर पाय पोटाशी घेऊन बसली होती. तिने सांगितले ते असे. तिची कॉलेजातली मैत्रीण, बाकावर शेजारी बसणारी, कित्येक दिवस म्हणत होती की मला तुझे गाणे ऐकायचे आहे. रविवारी ती आली. तिला रीत ठाऊक नव्हती. भाचीने सांगितलीही नव्हती, कारण रीत सांगायची नसते, कळायची असते. सगळे वळले आणि ती एकटी समोर पाहत राहिली, आणि हात हलवला. दोघांनी तिला खांद्याला धरून भिंतीकडे वळवले. तिला ती गंमत वाटली, ती हसत पुन्हा वळली. मग कुणीतरी जोरात ढकलले. भट्टीच्या चौथऱ्याची लोखंडी कड तिच्या गळपट्टीच्या हाडाला लागली. "मोडलं," भाची म्हणाली. "मला दिसत होतं, मावशी. तिथे फक्त मलाच सगळं दिसतं ना. आणि मी गाणं थांबवलं नाही. कडवं पूर्ण केलं." खालून चाकाचा स्वर येत होता, मध्येच काच बदलली की थांबत होता. "थांबवायला हवं होतं, हे मला कडवं संपल्यावर सुचलं."

तिने भाचीच्या पायावर हात ठेवला. "येत्या रविवारी तू चल," भाची म्हणाली. "तू सांग त्यांना, की ज्याला बघायचंय त्याला बघू द्या. तुझं ऐकतील." "आणि नाही ऐकलं तर?" "तर मी सोडते. पाठींना गाऊन दाखवायचं आणि त्याला मान म्हणायचं, हे आता माझ्याच्यानं नाही व्हायचं." मग, लहान असताना विचारी त्या स्वरात: "पण ते खरं आहे ना, तू लिहिलेलं? ते त्याच्यासाठीच वळतात ना?" आणि मावशी, जिने आयुष्यभर 'खरे' या शब्दाऐवजी 'उपलब्ध पुराव्याशी सुसंगत' असे म्हणायला विद्यार्थ्यांना शिकवले होते, ती म्हणाली, "हो गं."

त्या आठवड्यात ती शिकवत होती, उत्तरपत्रिका तपासत होती, आणि मनाच्या एका कोपऱ्यात भट्टीघराच्या गोल भिंतीशी उभी होती. ती मुळात पदार्थविज्ञानाची. ते सोडून ती माणसांच्या शास्त्राकडे आली तेव्हा घरच्यांनी कपाळाला हात लावला होता, आणि नव्या विभागातल्या लोकांनी तिच्याकडे जरा अशा नजरेने पाहिले होते, जशा नजरेने आपण मोजपट्टी घेऊन शोकसभेला आलेल्या माणसाकडे पाहतो. ती नजर पुसून काढण्यासाठी तिने फार कष्ट घेतले. तिचे मार्गदर्शक हळू बोलत, एकदा त्यांनी म्हटले होते, "कारण सोपं निघालं तर समजायचं, ते कारण नाही, निमित्त आहे." हे वाक्य तिने मंत्रासारखे गिळले. दोन वर्षे ती त्या भट्टीघरात जात राहिली. बाजूच्या लोखंडी जिन्यावर, अर्ध्या उंचीवर, तिची जागा ठरलेली. तिथून सगळ्या माना, सगळे खांदे, कोण केव्हा वळतो, कोण कोणाला पाहून वळतो, हे नकाशासारखे दिसे. ती स्वतः वळली नाही. निरीक्षकाने वळायचे नसते. वळला की तो दिसण्याचा भाग होतो आणि पाहणारा उरत नाही. शिवाय तिथला आवाज तिला सोसत नसे, म्हणून ती दोन्ही कानांत मेणाचे बोळे घालून बसे. लोकप्रिय संगीतावरचा तिचा प्रबंध, ज्याचे पुढे पुस्तक झाले, तिने अशा रीतीने, वाद्यांचे ठोके बरगड्यांत मोजत, जवळजवळ न ऐकता लिहिला होता. ही गोष्ट ती मेजवान्यांत विनोद म्हणून सांगत असे आणि लोक मनापासून हसत. लोखंडाच्या किसावर चुंबकाचा प्रयोग केला तर कीस नंतर प्रबंध वाचत नाही. माणसे वाचतात, हे ती पहिल्याच तासाला वर्गाला बजावत असे, तेही तसेच, जणू दुसऱ्या कुणाच्या हातून घडलेली गोष्ट.

रविवारी दुपारी भट्टीघराच्या दारावर खुंटी उभा होता. पूर्वी सगळी पोरे आपापली दप्तरे, कोट, टोप्या त्याच्या अंगाखांद्यावर टांगून आत जात, म्हणून खुंटी. आता त्याचे केस मागे हटले होते आणि पोट पुढे आले होते. मुलांमध्ये उभा असलेला एकटाच बाप्या. तिला पाहून तो आधी दचकला, मग दोन्ही हातांनी तिचा हात धरला. "मॅडम! अहो, कळवायचं तरी! पोरांनो, सरका, सरका, आपल्या मॅडम आल्यात." पोरे सरकली. त्यांच्या पाठींवर तिची वाक्ये होती. एकीवर प्रस्तावनेतले, एकीवर चौथ्या प्रकरणातले अर्धे. एकाने चुकून तिच्या टीकाकाराचे वाक्य लिहून घेतले होते आणि तेही त्याला शोभत होते. तिचे कान गरम झाले. चोरबाजारात आपलीच भांडी ओळखावीत, तसे काहीसे. पण चोर इथे कोण, हे ठरत नव्हते.

या वेळी तिने बोळे आणले नव्हते. ती जिन्यावरही चढली नाही. मागच्या भिंतीशी, पोरांच्या मध्ये, समोर तोंड करून उभी राहिली. भाची चौथऱ्यावर आली, माइकची उंची कमी केली, आणि ढोल, गिटार, सगळे एकदम सुरू झाले. सभोवार माना वळल्या, खांदे वळले, बुटांच्या टाचा करकरल्या. तिच्याभोवती अचानक चेहरे होते, इतक्या जवळ की श्वास लागत होते, आणि ते सारे तिच्या पलीकडे भिंतीकडे पाहत होते. आवाज म्हणजे चिखल होता. भाचीचे तोंड उघडत होते, मिटत होते. शब्द कुठेच नव्हते. भाचीने तिच्याकडे पाहिले. दालनात भाचीकडे पाहणारे एकच माणूस, आणि ते त्या तिसऱ्या प्रकरणाचे जनक. त्या नजरेत इतका विश्वास होता की मावशीला तो पेलवेना. केवळ लाज वाटून, जसे आपण उघड्यावर रडणाऱ्या माणसाकडे पाहायचे टाळतो तसे, ती भिंतीकडे वळली.

आणि तिला ऐकू आले. शब्द, शब्दांमधला श्वास, 'स' वर भाचीचा लहानपणापासूनचा किंचितसा शिट्टीसारखा स्पर्श, सगळे. जणू कुणीतरी समोरच्या टाइलमागे उभे राहून फक्त तिलाच सांगत होते. तिने डोळे वर केले. स्पीकर छताजवळ, भट्टीच्या जुन्या आकड्यांना टांगलेले होते, कारण दुसरीकडे टांगायला जागा नव्हती. त्यांची तोंडे लोकांच्या डोक्यांवरून थेट मागच्या भिंतीकडे होती. भिंत अर्धगोल, गुळगुळीत चकचकीत टाइलांची. समोरून आलेला ध्वनी तिच्यावर आपटून पुन्हा एकत्र येत होता, नेमका तिथे, जिथे पोरे उभी होती. हे पदार्थविज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाचे गणित होते. तिने ते तेव्हा अचूक सोडवले असते. "तिकडं तोंड केलं की नीट ऐकू येतं, बस," असे त्या काळी तिला कितीतरी मुलांनी सांगितले होते, काहींनी हसून, काहींनी वैतागून. आणि मुलाखतींतल्या प्रत्येक उत्तरावर विषयाचा शिक्का मारत जाण्याच्या आपल्या विद्येच्या पद्धतीप्रमाणे तिने त्या सगळ्या उत्तरांवर एकच शिक्का मारला होता: टाळाटाळ. टाइलमध्ये तिचा चेहरा पुसट, रुंद, तोंड उघडे, दिसत होता. गाणे फार सुंदर होते. ते सुंदर आहे हे तिला आज कळत होते आणि त्यावर तिची बढती होऊन कित्येक वर्षे लोटली होती.

मध्यंतरात तिने खुंटीला दाराशी गाठले. "तुम्ही वळता ते ऐकू यावं म्हणून," ती म्हणाली. "एवढंच कारण होतं." "हो मग. मीच सांगितलं होतं की तुम्हाला. पहिल्याच दिवशी." "मग मी लिहिलं तेव्हा बोलला का नाहीत?" "काय बोलणार? आम्हाला वाटलं, मॅडम शिकलेल्या आहेत, त्यांना आत काहीतरी दिसलं असेल. आणि खरं सांगू? बरं वाटलं. तोवर आम्ही नुसती टवाळ पोरं. घरी गेलो की बाप म्हणायचा, आले गोंधळी. तुम्ही लिहिल्यावर कळलं, की आपण कोणीतरी आहोत." "खुंटी, त्या मुलीचं हाड मोडलंय." त्याची मान खाली गेली. "वाईट झालं. ज्यानं ढकललं त्याला मी हाकलला. पण तो मला काय म्हणाला माहितेय? 'समोर पाहणारा एकही चेहरा या समूहाला परवडणारा नाही.' तोंडपाठ म्हणून दाखवलं." ते तिचे वाक्य होते. ती ते लिहिताना कॉफी पीत होती. 'परवडणारा' या शब्दावर तिने बराच वेळ घालवला होता. "स्पीकर खाली उतरवा," ती घाईने म्हणाली. "तोंडं लोकांकडे करा. मग कुणाला वळावंच लागणार नाही." खुंटी पहिल्यांदाच नाराज दिसला. "स्पीकर कसे हलवायचे मॅडम? तुमच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आहेत ते."

शेवटी तो म्हणाला, तुम्हीच सांगा पोरांना, आणि तिला चौथऱ्यावर चढवले. माइक हातात घेताच सगळे मानाने वळले. आयुष्यात तिने पुष्कळ व्याख्याने दिली होती, झोपलेल्या, जांभया देणाऱ्या, खिडकीबाहेर पाहणाऱ्या श्रोत्यांना दिली होती. पण स्वतःच्याच वाक्यांना उद्देशून ती प्रथमच बोलत होती. तिने सगळे सांगितले, शक्य तितक्या साध्या शब्दांत: भिंत गोल आहे, स्पीकर उंच आहेत, ध्वनी असा जातो आणि असा परततो, तुम्ही नकार देत नव्हता, ऐकत होता, मी चुकले, ज्याला समोर बघायचे असेल त्याला बघू द्या, त्यात कुणाचा अपमान नाही. भिंतीने तिचा प्रत्येक शब्द त्यांच्या कानांत नीट पोचवला, यात शंका नव्हती. मग सरकत्या जिन्यावरच्या त्या पुळीवाल्या मुलाचा आवाज आला, पाठमोरा आणि समजूतदार: "म्हणजे काकू, वळणंच बरोबर आहे ना? आता तर शास्त्रानं पण!" दालन हसले. कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच, भिंतीकडे पाहत, मनःपूर्वक वाजवल्या.

भाचीने तिच्या हातातून माइक घेतला. मावशी खाली उतरली आणि चौथऱ्यासमोर, अगदी पुढे, भाचीकडे तोंड करून उभी राहिली. निदान एवढे तरी, असे तिला वाटले. निदान एक चेहरा. वाद्ये फार नव्हती, गिटार एकटेच होते, तरी आवाज तिच्या डोक्यावरून निघून जात होता आणि तिच्या वाट्याला नुसती घरघर येत होती. ती भाचीचे ओठ पाहत राहिली. पाठीमागे माणसे मध्येच हसली, कुठल्यातरी ओळीला. मध्येच एकदम गप्प झाली. एका बाईने नाक ओढल्यासारखे वाटले. तिने आपला चेहरा त्यांच्या मागोमाग नेला, हसल्यावर हसली, गप्प झाल्यावर गंभीर झाली. शेवटी भाचीने गिटारवरचा हात उचलला, थेट तिच्याकडे पाहत काहीतरी एवढेसे म्हटले आणि थांबली. डोळे मोठे, ओले. तिला वाटले, मुलीला धीर हवा आहे. तिने जोरात मान हलवली: हो, हो.

दालन रिकामे झाल्यावर भाची चौथऱ्यावर बसून माइकची वायर कोपरावरून गुंडाळत होती. "तुझे आभार," ती म्हणाली. "कशाचे?" "शेवटी मी विचारलं ना तुला. 'तुला दिसते मी, तूच सांग, थांबू का?' ती ओळ तिथल्या तिथे सुचली. वाटलं, तू काहीतरी लांबलचक सांगशील नंतर. तू सरळ हो म्हणालीस." वायरचे एक वेटोळे निसटले, तिने ते पुन्हा घेतले. मावशीला दोन उत्तरे दिसत होती. एकात ती शहाणी, करारी मावशी राहत होती. दुसऱ्यात समोर पाहणाऱ्या त्या एकमेव चेहऱ्याने भाचीचे काय ऐकले होते ते सांगावे लागत होते. "मला ऐकू आलं नाही," ती म्हणाली. "एक शब्दसुद्धा. पुढे काही ऐकूच येत नाही."

भाचीचे हात थांबले. "मग मान का हलवलीस?" "तू बघत होतीस म्हणून." भाची म्हणाली, "म्हणजे त्या रविवारी तिलाही ऐकू आलं नसणार. ती पुढेच होती." आणि मग, कुणाला उद्देशून नव्हे: "मी हॉस्पिटलात गेले तर पट्ट्यात हात अडकवलेला, आणि म्हणते, तुझं गाणं काय मस्त झालं गं."

"ते उत्तर नव्हतं," मावशी म्हणाली. आपला आवाज लहान झाला आहे हे तिला कळत होते. "चुकून हललेली मान होती ती. त्यावरून काही ठरवू नकोस. थांबू नकोस." हे शेवटचे दोन शब्द खरेच भाचीसाठी होते की आपल्याच उरावरचे ओझे उतरवण्यासाठी, हे तिला सांगता आले नसते, दुसऱ्या कुणाच्या मुलाखतीत असे उत्तर आले असते तर तिने त्यावर नेमका शिक्का मारला असता.

"असू दे गं," भाची म्हणाली. तिने वायरची गुंडाळी बांधली, ती गिटारच्या पेटीत ठेवली आणि पेटीची दोन्ही कुलपे लावली. "चुकून का होईना, कुणीतरी उत्तर दिलं. मी ते धरून चालले आहे." मग तिने मागे हात नेऊन ॲम्प्लिफायरचे बटण बंद केले, आणि दुपारपासून दालनात भरून राहिलेली बारीक घूं घूं, जी तोवर दोघींपैकी कुणालाही ऐकू आलेली नव्हती, थांबली.